पाचटाचा बांध

मॉरिशस बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर माहेबूर नावाचे जुने गाव आहे. मराठी कानाला त्या नावात माहेर ऐकू यावे, परंतु ते पडले आहे ला बूर्दोने या फ्रेंच गव्हर्नरच्या ‘माहे’ या नावावरून. ऑगस्ट २०२० च्या पहिल्या आठवड्यात या गावाच्या समुद्राकाठी एक विलक्षण कारखाना उभा राहिला. त्याला छप्पर नव्हते, मालक नव्हता, हजेरीपटही नव्हता. आसपासच्या शेतांतून उसाचे पाचट गाड्या भरभरून येत होते. कोणी ते कापडाच्या लांब पिशव्यांत ठासून भरत होते, कोणी पिशव्यांची तोंडे शिवत होते, तर कोणी त्या पाण्यावर तरंगाव्यात म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या त्यांना बांधत होते. भरलेल्या पिशव्या एकमेकींना जोडून त्यांची लांबच लांब माळ होई, आणि मच्छीमार ती आपल्या होड्यांच्या मागे बांधून समुद्रात ओढून नेत. किनाऱ्याकडे सरकणाऱ्या काळ्या तेलाच्या वाटेत आडवा घालण्यासाठी तो पाचटाचा बांध होता.

तेल आले होते एका जहाजातून. सुमारे तीनशे मीटर लांबीचे ‘वाकाशियो’ हे मालवाहू जहाज चीनकडून सिंगापूरमार्गे ब्राझीलकडे निघाले होते. त्याच्या पोटात माल नव्हता. स्वतःच्या प्रवासासाठीचे इंधन मात्र सुमारे चार हजार टन होते. २५ जुलैच्या संध्याकाळी ते पॉइंट देस्नी येथील प्रवाळभिंतीवर चढले आणि तेथेच अडकले. बारा दिवस ते तसेच लाटांचे तडाखे खात उभे राहिले. ६ ऑगस्टला त्याला भेग पडली आणि तेल वाहू लागले. जवळजवळ एक हजार टन तेल त्या स्वच्छ, उथळ पाण्यात मिसळले. शेजारी ब्लू बेचे संरक्षित सागरी उद्यान होते, पॉइंट देस्नीची पाणथळ जमीन होती आणि इल ओ एग्रेत हे चिमुकले बेट होते. इतरत्र नाहीशा झालेल्या पक्ष्यांना व वनस्पतींना तेथे वर्षानुवर्षांच्या कष्टांनी पुन्हा थारा मिळालेला होता.

इतके मोठे जहाज किनाऱ्याच्या इतक्या जवळ आलेच कसे, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. न्यायालयात आणि पुढील चौकशीत जे समोर आले, ते मन विषण्ण करणारे आहे. मोबाइलचे सिग्नल मिळावे म्हणून जहाजाचा मार्ग किनाऱ्याकडे वळवण्यात आला होता. तो काळ महामारीचा होता. जगभरातील खलाशी करार संपूनही महिनोन्महिने जहाजांवर अडकून पडले होते. त्या संध्याकाळी जहाजावर एकाचा वाढदिवस होता, आणि घरच्यांशी दोन शब्द बोलावेत एवढीच इच्छा होती. कप्तान भारतीय होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला व त्याच्या मुख्य अधिकाऱ्याला वीस महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली.

घरापासून दूर असलेल्या माणसांनी घराचा आवाज ऐकण्यासाठी जहाज वळवावे आणि त्यात दुसऱ्या कोणाचे घर काळवंडावे, ही घटना केवळ निष्काळजीपणाच्या सदरात टाकून मोकळे होणे कठीण आहे. त्या खलाशांच्या मनात कोणाचेही वाईट करण्याचा लवलेश नव्हता. तरीही जैन आचारशास्त्र येथे थोडे कठोर प्रश्न विचारते. हिंसेची व्याख्या करताना आपल्या आचार्यांनी द्वेषाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, प्रमादावर बोट ठेवले आहे. गृहस्थाच्या अनर्थदंडविरमण व्रताच्या विवेचनात प्रमादाचे आचरण वेगळे काढून सांगितले आहे: ज्यात आपला काही अर्थ साधत नाही, किंवा अगदी क्षुल्लक साधतो, आणि ज्यातून जीवांना मोठा दंड होतो, असे वर्तन. मुनीच्या ईर्यासमितीत चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. तीनशे मीटर लांबीच्या जहाजाने किती पुढचे पाणी पाहायला हवे, याचे गणित ज्याने त्याने करावे.

आणि ते पाऊल पडले प्रवाळावर. जीवविचार प्रकरणात प्रवाळाची गणना पृथ्वीकाय जीवांत केलेली आहे. आजचे जीवशास्त्र त्याला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत म्हणते. वर्गीकरण निराळे असले तरी, ज्याला व्यापारी जग शतकानुशतके माळेतला मणी म्हणून तोलत आले, तो दगड नसून जीव आहे, याविषयी दोहोंचे एकमत आहे.

परंतु या लेखाचा विषय जहाज नसून किनाऱ्यावर जमलेली माणसे आहेत. ती कोण होती, हे समजण्यासाठी बेटाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

मॉरिशसमध्ये मूळचे असे कोणीच नाही. १६३८ मध्ये डच तेथे वस्तीला आले तेव्हा बेटावर मनुष्यवस्ती नव्हती. होते ते आबनूसाचे अरण्य आणि उडता न येणारा, माणसाला न भिणारा डोडो पक्षी. त्या शतकाच्या अखेरीपर्यंत डोडो पृथ्वीवरून नाहीसा झाला. त्याच्या बाबतीतही कोणी द्वेष केला नव्हता. काही मारून खाल्ले गेले आणि माणसाबरोबर जहाजांतून उतरलेल्या उंदीर, डुकरे, माकडांनी उरल्यासुरल्यांची अंडी संपवली. डच गेले, फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. मादागास्करमधून आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणले गेले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. उसाच्या मळ्यांची भूक मात्र थांबली नाही. म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले होते. पुढील काही दशकांत असे सुमारे साडेचार लाख लोक पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. कलकत्ता आणि मद्रासबरोबरच मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली, आणि त्यांत कोकणातली मराठी माणसे होती. सुरत व कच्छकडचे कापड-धान्याचे व्यापारी मागाहून स्वतःचे भाडे भरून आले.

मजुरांनी प्रथम दगड वेचले. ज्वालामुखीतून घडलेल्या त्या जमिनीत काळा दगड इतका होता, की तो उचलून रचल्याखेरीज उसाची सरी पडत नसे. त्या दगडांच्या मनोऱ्यासारख्या राशी आजही उसाच्या शेतांच्या मधोमध उभ्या दिसतात. त्यांच्यावर कोणाचे नाव कोरलेले नाही. युनेस्कोने बेटावरील दोन ठिकाणे जागतिक वारसा म्हणून जाहीर केली आहेत: एक, मजूर जेथे उतरले तो आप्रवासी घाट, आणि दुसरे, पळालेले गुलाम जेथे आसऱ्याला राहिले तो ल मोर्नचा कडा. कोणताही राजवाडा किंवा किल्ला या मानाला पात्र ठरला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्यांचे घर सुटले वा हिरावले गेले, त्यांच्या पायांखालची जागा तेवढी वारसा ठरली.

या सदराच्या पुष्कळ वाचकांना घर सुटण्याचा हा अनुभव कुळाच्या स्मृतीतून ठाऊक आहे. पणजोबा मारवाडातून एक लोटा आणि एक वही घेऊन नगर, जालना वा बार्शीच्या पेठेत आले. तीन-चार पिढ्या झाल्या, तरी राजस्थानातल्या गावी कुलदेवीला जाऊन आलेले कुटुंब ‘देसात जाऊन आलो’ असेच म्हणते. देस तेथे आणि दुकान येथे. मग घर नेमके कोठे? मॉरिशसच्या मराठी माणसाला या प्रश्नाचे उत्तर अधिकच अवघड झाले असणार. त्याच्या घरात रोजची बोली क्रिओल आहे. कोकणातले आपले मूळ गाव कोणते, हे अनेकांना सांगता येत नाही. तरी शाळेत मराठी शिकवली जाते, जाखडीचा नाच टिकून आहे, आणि गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते.

या बेटाने घर मोडण्याचा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला आहे. फेब्रुवारी १९६० च्या अखेरीस आलेले ‘कॅरोल’ चक्रीवादळ तेथील वृद्धांना अजून आठवते. महिनाभर आधी ‘आलिक्स’ येऊन गेलेच होते. लाकूड, गवत आणि पत्र्याची हजारो घरे त्या दोन वादळांत जमीनदोस्त झाली, ऊस झोपला, आणि कुटुंबेच्या कुटुंबे शाळांच्या इमारतींत राहिली. त्यानंतर बेटाने बांधकामाची रीत बदलली. सरकारने काँक्रीटच्या छोट्या घरांच्या वसाहती उभारल्या, आणि ज्याला जमेल त्याने गवती छपराऐवजी सपाट स्लॅब घातला. आज तेथील गावांतून जाताना अनेक घरांच्या गच्चीवर सळया उघड्या दिसतात. मुलगा मोठा झाला की त्याच्यासाठी वरचा मजला चढवायचा असतो. वादळाच्या इशाऱ्याच्या चार श्रेणी लहान मुलालाही ठाऊक असतात. केव्हा पाणी भरून ठेवायचे, केव्हा खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, केव्हा कोणीही उंबरा ओलांडायचा नाही, हे कोणी नव्याने शिकवावे लागत नाही.

वादळाला तोंड देण्याची ही सवय २०२० मध्ये उपयोगी पडली. मात्र संकट या वेळी निराळ्या जातीचे होते. वादळात दार लावून आत बसावे लागते. तेल आले तेव्हा दार उघडून बाहेर पडावे लागले.

मार्चपासून महामारीमुळे देशाच्या सीमा बंद होत्या. पर्यटक नव्हते, हॉटेले रिकामी होती, त्यांतले कामगार घरी बसले होते. मात्र कडक टाळेबंदीनंतर बेटावरचा संसर्ग आटोक्यात आला होता, त्यामुळे माणसांना एकत्र येता आले. ऑगस्ट हा उसाच्या तोडणीचाही हंगाम. म्हणून पाचट हाताशी होते. या दोन गोष्टी जुळून आल्या नसत्या तर माहेबूरचा कारखाना उभा राहिला असता की नाही, हे सांगता येत नाही. लोकांच्या जिद्दीचे गोडवे गाताना योगायोगाचे देणेही वहीत नोंदलेले बरे.

बेटाच्या चारही दिशांनी लोक आले. मच्छीमार आले, कारण त्यांचे पोट त्या पाण्यावर होते. शाळा-महाविद्यालयांतली मुले आली, रिकाम्या हॉटेलांतले आचारी व वाढपी आले, शिवणयंत्र चालवणाऱ्या स्त्रिया आल्या. हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे ख्रिस्ती एका ओळीत पाचट भरत बसले. एरवी त्या देशात निवडणुकीपासून विवाहापर्यंत जात-धर्म-वंशाचे हिशेब पक्के मांडले जातात. ते एकाएकी पुसले गेले असे समजण्याचे कारण नाही. त्या दिवसांत त्यांचा उपयोग नव्हता, एवढेच. केस तेल शोषून घेतात असे कळल्यावर अनेकांनी केस कापून दिले आणि केशकर्तनालयांनी पोती भरून पाठवली. जैन वाचकाला येथे केशलोच आठवेल; परंतु ती तुलना अस्थानी आहे, कारण तेथे देहाचा मोह सोडायचा असतो आणि येथे तेल टिपायचे होते. इल ओ एग्रेतवरून दुर्मीळ रोपे आणि काही पक्षी होड्यांतून मोठ्या बेटावर हलवण्यात आले. ज्या बेटाने डोडो गमावला, त्याची माणसे या वेळी पाखरांचे पिंजरे हातांत धरून होडीत बसली होती.

सरकारने ७ ऑगस्टला पर्यावरणीय आणीबाणी जाहीर केली आणि पाठोपाठ लोकांना सांगितले, की हे काम प्रशिक्षित यंत्रणेवर सोडावे. लोकांनी ते ऐकले नाही. या ठिकाणी न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. तेलाची वाफ फुप्फुसांना अपायकारक असते, उघड्या हातांनी ते उपसणे धोक्याचे होते, आणि पाण्याने जड झालेले पाचट काही वेळाने बुडू लागते. सरकारचा इशारा निराधार नव्हता. परंतु बारा दिवस जहाज डोळ्यांसमोर अडकून असताना पुरेशी तयारी झाली नाही, ही लोकांची तक्रारही निराधार नव्हती. २९ ऑगस्टला हजारो लोक काळे कपडे घालून पोर्ट लुईच्या रस्त्यांवर उतरले, ते याच तक्रारीसाठी.

मदत बाहेरूनही आली. शेजारच्या रेयुनियों बेटावरून फ्रेंच सामग्री आली, जपानने तज्ज्ञ पाठवले, भारताने हवाई दलाच्या विमानाने तीस टनांहून अधिक साहित्य आणि तटरक्षक दलाचे दहा जणांचे पथक धाडले. जहाजात उरलेले बहुतेक तेल १२ ऑगस्टपर्यंत उपसून काढण्यात यश आले. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. आपल्याकडे अनेक घरांत त्याच दिवशी पर्युषणाला आरंभ झाला होता, आणि २२ तारखेला संवत्सरी व गणेशचतुर्थी एकाच दिवशी आली. सर्व जीवांची क्षमा मागण्याच्या त्या आठवड्यात मॉरिशसच्या कांदळवनांतले खेकडे, शिंपले आणि मासे आपल्यापैकी कितीजणांना आठवले होते?

हा प्रश्न दूरच्या बेटापुरता नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी, म्हणजे माहेबूरच्या तेलाआधी जवळजवळ बरोबर दहा वर्षे, मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. सुमारे आठशे टन तेल समुद्रात गेले आणि मुंबई-रायगडच्या किनाऱ्यांवर, कांदळवनांच्या मुळांवर चढले. एका जहाजावरचे शेकडो कंटेनर पाण्यात घसरले. त्यांतल्या काहींत कीटकनाशके होती. बंदरातली वाहतूक काही दिवस बंद पडली. त्या कंटेनरांत कोणा ना कोणा व्यापाऱ्याचा माल होता, आणि पेढ्यांवर त्या आठवड्यात चौकशी झाली असेल ती माल केव्हा सुटतो याची, विमा मिळतो की नाही याची. ते चुकीचेही नाही. दुकान चालवणाऱ्याला ते पाहावेच लागते. पण आज ती तारीख मुंबईत किती जणांना सांगता येईल? जेथे तीन-चार पिढ्या व्यापार केला, मंदिरे बांधली, पांजरपोळ चालवले, त्या शहराचा समुद्र आपल्या घराच्या हद्दीत येतो की नाही, हे आपण कधी ठरवलेले नाही.

जैन परिभाषेत गृहस्थाला अगारी म्हणतात आणि मुनीला अनगार. अगार म्हणजे घर. मुनीने घर सोडले, म्हणून त्याची हद्दही सुटली. जेथे जाईल तेथील प्रत्येक जीवाची यतना त्याने करायची. गृहस्थाने घर ठेवले, तेव्हा त्याला हद्द आखावी लागते: दिग्व्रतात दिशांची, परिग्रहपरिमाणात वस्तूंची. आपण या व्रतांकडे बहुधा किती घ्यायचे याची मर्यादा म्हणून पाहतो. तीच रेषा किती सांभाळायचे हेही सांगते, याचा विचार कमी होतो. ज्या दिशेने आपला माल जातो-येतो, तिच्या वाटेवरचे पाणी आणि त्यातले जीव हद्दीबाहेरचे कसे ठरतील? माहेबूरच्या माणसांनी असे काही व्रत घेतलेले नव्हते. त्यांतल्या बहुतेकांना तो शब्दही माहीत नसेल. त्यांनी हद्द आखली ती पाचटाची.

पाचटाची निवडही पाहण्यासारखी आहे. ज्या उसासाठी त्यांच्या खापरपणजोबांना घर सोडावे लागले, गुलामांना साखळदंडांत आणले गेले, ज्याची पाती मजुरांचे हात शतकभर कापत राहिली, त्याच उसाचे वाळके पान त्यांनी आपला किनारा वाचवण्यासाठी हाती घेतले. गुलामाचा वंशज आणि गिरमिटियाचा वंशज ते एका पिशवीत भरत होते. हे प्रतीक म्हणून कोणी योजले नव्हते. जवळ होते ते वापरले.

कथेचा शेवट गोड नाही. ३१ ऑगस्टला मदतकार्यातली एक ओढनौका वादळी समुद्रात बुडाली आणि तीवरचे काही खलाशी दगावले. मच्छीमारांना कित्येक महिने त्या पाण्यात जाळे टाकता आले नाही. जहाजाचा मागचा तुकडा प्रवाळभिंतीवरून पूर्णपणे हटवण्यास २०२२ साल उजाडले. कांदळवनाच्या चिखलात मुरलेले तेल लवकर निघत नसते. पाचटाचे बांध तेल पिऊन काळे आणि जड झाले. ते पुन्हा किनाऱ्यावर ओढावे लागले, घातक कचरा म्हणून वेगळे ठेवावे लागले, गाड्यांत भरून न्यावे लागले. ज्या हातांनी ते शिवले होते, त्यांतल्या अनेकांनी तेही केले. त्यानंतर दगडांच्या फटीत, मुळांच्या खोबणीत चिकटलेले तेल पुसण्याचे काम सुरू झाले, आणि ते महिनोन्महिने चालले.

पुढच्या जूनमध्ये उसाची तोडणी वेळेवर सुरू झाली. खोडव्याला फूट यावी, जमिनीत ओल टिकावी म्हणून पाचट नेहमीप्रमाणे सऱ्यांत अंथरले गेले.